पात्याचे मागणे

'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. ल्यूक स्कायवॉकर आपण होऊन शत्रूच्या हवाली झाला आहे. हातांत बेड्या आहेत. त्याच्याजवळ एवढेच सापडले, असे सांगून एक अधिकारी त्याचे शस्त्र डार्थ व्हेडरच्या, म्हणजे ल्यूकच्या बापाच्या, हातात देतो. व्हेडर ती मूठ उलटसुलट करून पाहतो, पाते पेटवतो, क्षणभर न्याहाळतो आणि पोराला सांगतो की तुझी विद्या आता पुरी झाली. मुलगा किती तयार झाला आहे हे त्याने अजून लढून पाहिलेले नाही. त्याने फक्त मुलाच्या हातचे काम तपासले आहे आणि तेवढ्यावर निकाल दिला आहे.

ल्यूक ज्या योद्ध्यांच्या पंथातला, त्या जेडाय पंथाच्या शस्त्ररीतींबद्दल जे काही बोलायचे ते या प्रसंगापासून सुरू करता येते. लाइटसेबर म्हणजे वीतभर लांबीची धातूची मूठ, तिच्या पोटात कायबर नावाचा स्फटिक आणि कळ दाबली की बाहेर पडणारे प्रकाशाचे पाते. ते कारखान्यात बनत नाही, शस्त्रागारातून वाटले जात नाही. ज्याचे त्याने स्फटिक शोधायचे, ज्याचे त्याने जोडायचे. म्हणून मूठ पाहून माणूस ओळखता येतो आणि म्हणूनच व्हेडरला ती तपासून शिष्य तयार झाला का ते सांगता येते.

आता गंमत अशी की १९७७ साली पहिला 'स्टार वॉर्स' आला तेव्हा यातले काहीच नव्हते. ना स्फटिक, ना विधी. होती ती एक जुनी फोटोग्राफीची वस्तू. चित्रपटाच्या सजावटीचे काम पाहणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या सापडल्या. त्यांनी एका दांडीवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, एका कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगाची पट्टी काढून बसवली आणि ल्यूकच्या बापाची तलवार तयार झाली. ल्यूकचा गुरू ओबी-वान याची मूठ तर त्याहून विचित्र जुळणीची: तिच्यात नळाची चावी आहे, जेट इंजिनाचा एक भाग आहे आणि बंदुकीतून उडवायच्या जुन्या बाँबचा तुकडा आहे. ज्यांच्यावर पुढे ऑस्करची मोहोर उमटली त्या मंडळींचे हे काम. पण त्यातली वृत्ती भंगारातून वस्तू उभी करणाऱ्याची होती. आवाजाचेही तेच. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पडद्याजवळ माइकची तार गेली की उठणारा गुंजारव एकत्र केला. मग तो आवाज स्पीकरवर वाजवून माइक त्याच्यासमोरून हलवला आणि पाते परजल्याचा तो प्रसिद्ध झोत मिळवला.

रंगांची कहाणीही अशीच. ल्यूकचे दुसरे पाते हिरवे का? तर वाळवंटाच्या निळ्या आकाशापुढे निळे पाते दिसेनासे होत होते. मेस विंडू या जेडायाचे जांभळे का? तर त्याची भूमिका करणारे सॅम्युएल जॅक्सन यांना मोठ्या लढाईच्या दृश्यात आपण चटकन सापडावे असे वाटत होते आणि त्यांनी दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांच्याकडे तो रंग मागून घेतला. एवढ्यावर मग अर्थ चढवायला माणसे बसलीच. २००३ मधल्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या व्हिडिओ खेळाने निळा रंग लढवय्यांना, हिरवा साधकांना आणि पिवळा मधल्या वाटेने जाणाऱ्यांना वाटून दिला. आकाशाच्या अडचणीतून शास्त्र जन्माला आले. मला या रंगशास्त्रात फारसा रस नाही, हे आधीच सांगून टाकतो. राशींच्या खड्यांसारखे ते आहे: माणसाला काहीतरी चिकटवते, पण त्याच्याकडून काही मागत नाही.

आणि 'मागणे' हाच माझ्या मते शस्त्ररीतींचा खरा निकष आहे. कुठल्याही योद्ध्यांच्या पंथाची रीत वाचताना मी एवढेच पाहतो की ते शस्त्र आपल्या धन्याकडून काय मागते. मागणे जेवढे अवघड, तेवढी रीत जिवंत. नुसता दागिना झालेली रीत पुढच्या पिढीत प्रदर्शनाच्या काचेमागे जाते.

जेडाय पंथाआधी विज्ञानकथेत या मागण्याचे काही ठसठशीत नमुने होऊन गेले आहेत. एडगर राइस बरोज यांची मंगळावरची पहिली कादंबरी १९१२ साली मासिकातून क्रमशः आली. त्यांच्या बरसूमवर योद्धा आपली तलवार दुसऱ्याच्या पायाशी ठेवून निष्ठा वाहतो. समोरच्याने ती उचलून, मुठीचे चुंबन घेऊन परत द्यायची. तलवार इथे शब्द मागते. ल्यूकस यांना आधी 'फ्लॅश गॉर्डन'वर चित्रपट करायचा होता आणि फ्लॅश गॉर्डन हा बरोज यांच्याच वाटेवरचा पांथस्थ, तेव्हा हे नाते दूरचे असले तरी रक्ताचे आहे. अकिरा कुरोसावा यांचे ऋण तर उघडच: 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) नसता तर 'स्टार वॉर्स'ची गोष्ट वेगळ्या तोंडाने सांगितली गेली असती.

पण खरा नमुना फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) आहे. अराकिस या वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन लोक मेलेल्या वाळूअळीच्या दातापासून सुरा घडवतात. त्याला क्रिसनाइफ म्हणतात. या सुऱ्याचे दोन प्रकार: एक पक्का केलेला, दुसरा कच्चा. कच्चा सुरा माणसाच्या अंगाजवळच राहावा लागतो. शरीरापासून फार काळ दूर राहिला की तो झिजून जातो. धनी आणि शस्त्र यांच्यातले नाते इतके शारीरिक करून सोडणारी कल्पना मला दुसरीकडे कुठे सापडली नाही. परक्याने हा सुरा पाहिला तर त्याला सहजासहजी जाऊ देत नाहीत. आणि उपसलेला सुरा रक्त चाखल्याशिवाय म्यान करायचा नाही. घरकाम पाहणारी वृद्ध मेप्स जेव्हा नायकाच्या आईला, जेसिकाला, हा सुरा देते तेव्हा ती भेटही असते आणि परीक्षाही. उत्तर चुकले असते तर तोच सुरा जेसिकाच्या अंगात गेला असता. जेसिका परीक्षेत उतरते आणि मग रीत पाळण्यासाठी मेप्सच्या छातीवर हलकीशी चीर ओढते. रक्त येते, लगेच थांबते. या प्रसंगात कुणीही मरत नाही, तरी त्या दोन पानांत एका समाजाचा कायदा समजतो.

जेडायांच्या पात्याला रक्त मागताच येत नाही. ते जिथे लागते तिथे जखम भाजून बंद होते. (पहिल्या चित्रपटात गुत्त्यातला तुटलेला हात मात्र रक्ताळलेला दाखवला आहे. ही रीतही नंतरची.) मग हे पाते काय मागते?

याचे सर्वांत सविस्तर उत्तर चित्रपटांनी दिलेले नाही. ते 'द क्लोन वॉर्स' या ॲनिमेशन मालिकेच्या पाचव्या पर्वात, २०१२ साली आलेल्या चार भागांत आहे आणि लहान मुलांची मालिका म्हणून ज्यांनी ती सोडून दिली त्यांनी फार काही गमावले. इलम नावाच्या बर्फाळ ग्रहावर पंथातल्या सहा पोरांना नेले जाते. गुहेचे तोंड बर्फाने बंद असते. उजेडाने ते उघडते आणि दिवस मावळला की पुन्हा गोठते. तेवढ्या वेळात प्रत्येकाने एकट्याने आत जाऊन आपला स्फटिक आणायचा. कुणाला कुठला हे बाहेरून दिसत नाही. स्फटिक ज्याचा त्यालाच ओळखू येतो. आणि प्रत्येकाच्या वाटेत त्याचाच दोष उभा राहतो. पेत्रो नावाचा पोरगा उतावळा आणि आत्मकेंद्री. घाईघाईने उचललेला त्याचा स्फटिक निव्वळ बर्फाचा निघतो. मागे अडकलेल्या कातूनी या मुलीला सोडवायला तो वळतो तेव्हा त्याला खरा सापडतो. एकाचा सगळा भरवसा यंत्रावर; त्याला ते टाकून द्यावे लागते. गुंगी या वूकी नावाच्या बलदंड जमातीतल्या पोराचा स्फटिक तळ्यापलीकडे असतो आणि त्याने करायचे एवढेच की पाणी गोठेपर्यंत बसून राहायचे. अंगात बळ असलेल्याकडून धीर मागणे, यात कथाकारांची नजर दिसते.

पुढचा टप्पा मला जास्त आवडतो, कारण तो सुताराच्या किंवा लोहाराच्या दुकानासारखा आहे. परतीच्या जहाजावर हुयांग नावाचा म्हातारा यंत्रमानव असतो. पिढ्यान्‌पिढ्या शिष्यांना मुठी बांधायला शिकवत आलेला. तो प्रत्येकाला विचारतो की तुला मूठ कशी हवी, कशाची हवी, हातात कशी बसायला हवी. मग कप्प्यांतून सुटे भाग काढून देतो. गुंगीसाठी लाकूड सुचवतो. जोडणी मात्र हाताने करायची नाही, मनाने करायची, भाग हवेत तरंगत ठेवून. कातूनीला ते जमत नाही, पुन्हा पुन्हा कोसळते. हुयांग तिच्यावर ओरडत नाही, तिच्याऐवजी करूनही देत नाही.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजतात आणि शस्त्रे उरली नाहीत त्या घरांत त्या जागी पाने, पकडी, शिवणयंत्र आणि दारातली गाडी येऊन बसते. वर्षातून एकदा अवजाराला फूल वाहण्याची ही रीत मला सुंदर वाटते. जेडायांकडे असा सण नाही. त्यांचे पाते पूजा मागत नाही, ते घडणीच्या वेळी एकदाच भय मागून घेते.

इथेच या पंथाची मोठी विसंगती उघडी पडते आणि तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्या पुस्तकांचा मला कंटाळा आहे. जेडायाने कशातही जीव गुंतवू नये, हा पंथाचा पहिला नियम. घर नको, लग्न नको, आईसुद्धा मागे सोडायची. आणि तोच पंथ 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये (२००२) ओबी-वानच्या तोंडून त्याच्या शिष्याला, म्हणजे पुढे डार्थ व्हेडर होणाऱ्या अनाकिनला, बजावतो की हे शस्त्र म्हणजे तुझा जीव, ते हरवू नकोस. अनाकिन ते हरवतोच. त्याच चित्रपटात पुढे यंत्रांच्या कारखान्यात त्याची मूठ कापली जाते आणि तो हळहळतो ते ओबी-वानच्या बोलण्याच्या धास्तीने. ज्या माणसाला आसक्तीने पुढे खाऊन टाकले, त्याला पहिली आसक्ती पंथानेच शिकवली, असे म्हणता येते. कथाकारांनी हे जाणूनबुजून केले असेल किंवा नसेल. कथेत ते आहे.

याचा उतारा एका साध्या भागात आहे. 'क्लोन वॉर्स'च्या दुसऱ्या पर्वात अनाकिनची शिष्या असोका टानो हिचे लाइटसेबर गर्दीत एक खिसेकापू पळवतो. ती शरमते, गुरूला सांगत नाही आणि तेरा सिनुबे नावाच्या एका अतिवृद्ध जेडायाची मदत घेते. त्याचे स्वतःचे पाते काठीत लपवलेले. तो हळू चालतो, डुलक्या काढतो आणि तरी प्रत्येक वळणावर तिच्या आधी पोहोचतो, कारण तो पळत नाही. शस्त्र परत मिळते. पण तिला मिळतो तो धडा शस्त्राच्या किमतीचा नाही. आपल्याजवळचे काही हरवले तरी आपण शाबूत राहायचे कसे, हे ती त्या म्हाताऱ्याकडून शिकते. पुढे पंथ सोडताना आणि नंतर सैनिकांच्या कबरींजवळ आपले पाते ठेवून निघून जाताना तिला याचा उपयोग झाला असणार, असे मी समजतो.

जेडायांचे वैरी असलेल्या सिथ मंडळींची रीत याच्या बरोबर उलटी. पूर्वीच्या कादंबऱ्यांत त्यांचे लाल स्फटिक भट्टीत बनवलेले असत. पण २०१६ च्या 'असोका' कादंबरीपासून आणि पुढच्याच वर्षी आलेल्या डार्थ व्हेडरच्या चित्रकथेपासून नवी कल्पना रुजली: स्फटिक कुणा जेडायाला मारून हिसकावून घ्यायचा आणि आपली सगळी वेदना, सगळा संताप त्याच्यात ओतायचा. स्फटिक रक्ताळतो, लाल होतो. यात त्यांचे पाते धन्याकडून काहीच मागत नाही. धनीच त्याच्यावर लादतो. म्हणून असोका नंतर अशाच लाल स्फटिकांना शुद्ध करते तेव्हा तिचे पाते पांढरे निघते. रंगशास्त्राबद्दल माझी जी कुरबूर आहे ती या एका ठिकाणी मी मागे घेतो. हा रंग कुणी वाटलेला नाही, तो कमावलेला आहे.

याच स्फटिकाचा दुसरा उपयोग वाचकाने विसरू नये. 'रोग वन' (२०१६) हा चित्रपट दाखवतो की साम्राज्याने जेडा नावाच्या पवित्र शहरातून कायबर स्फटिक खणून नेले आणि ग्रह उडवणाऱ्या तोफेत भरले. इलमचेही पुढे तेच झाले. पोरे जिथे आपले भय ओळखायला जात, तो अख्खा ग्रहच पोखरून शस्त्र बनवला गेला. दगड तोच. एका बाजूला तो एका मुठीत बसतो आणि धरणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला लावतो. दुसऱ्या बाजूला एक शिपाई कळ दाबतो आणि एक ग्रह नाहीसा होतो. त्या शिपायाकडून कुणी काही मागितलेले नाही, त्याचे नावही कुणाला माहीत नाही. 'वैयक्तिक शस्त्र' या विषयावर पुस्तक का लिहावे, असे मला कुणी विचारले तर मी या दोन उपयोगांमधले अंतर दाखवीन.

वारशाच्या रीतीबद्दल मात्र माझे मत थोडे तिखट आहे. अनाकिनचे पाते ओबी-वान उचलतो, जवळजवळ वीस वर्षे जपतो, ल्यूकला देतो. बेस्पिनवर व्हेडरशी झालेल्या द्वंद्वात ते हातासकट खाली पडते. इथवरची गोष्ट उत्तम आहे, कारण त्यानंतर ल्यूकला स्वतःचे बांधावे लागते. बापाचे शस्त्र गेल्याशिवाय मुलगा तयार होत नाही. पण 'द फोर्स अवेकन्स'मध्ये (२०१५) तेच पाते एका पेटीतून रे या नव्या नायिकेला साद घालते आणि तिथपासून ते दैवी वस्तू होऊन बसते. मोडते, जोडले जाते आणि अखेर २०१९ च्या चित्रपटात वाळूत पुरले जाते. रेच्या हातात तेव्हा तिने स्वतः बांधलेले पिवळे पाते असते, तिच्या जुन्या काठीच्या तुकड्यातून केलेले. ते बांधताना तिला काय मोजावे लागले, हे मात्र चित्रपट दाखवत नाही. पाहायला हवे होते ते नेमके तेवढेच.

मँडलोरियन या योद्ध्यांच्या जमातीकडे असलेले काळे पाते हा या कुळातला वेगळा सदस्य. जेडाय झालेला पहिला मँडलोरियन तार विझ्ला याने ते घडवले. पुढे ते सत्तेचे चिन्ह झाले आणि नियम ठरला: द्वंद्वात जिंकल्याशिवाय ते हाती घ्यायचे नाही. त्यांची नेती बो-कतान ते एकदा भेट म्हणून स्वीकारते आणि तिच्या लोकांचा सर्वनाश होतो. मग डिन जारिन या दुसऱ्या मँडलोरियनच्या हाती ते नकळत, नियमाप्रमाणे येते, तेव्हा तिला ते देऊ पाहिले तरी घेता येत नाही. २०२३ मध्ये, 'द मँडलोरियन' मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, शत्रू ते पाते मुठीत चिरडून टाकतो आणि मँडलोरियन लोक आपला ग्रह त्याच्याशिवाय परत मिळवतात. या रीतीने नेमके काय मागितले? फक्त जिंकणे. जिंकणाऱ्याला राज्य करता येते का, हे ती कधी विचारत नव्हती.

जेडायांच्या सर्वांत मोठ्या क्षणी पाते विझलेले असते, असे मला या सगळ्या वाचनानंतर वाटते. डागोबा ग्रहावरच्या गुहेत जाताना जेडाय गुरू योडा ल्यूकला सुचवतो की शस्त्राची गरज नाही. ल्यूक ऐकत नाही आणि आत स्वतःलाच कापून येतो. पुढे 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये, सम्राटाच्या दालनात, बाप पायाशी पडलेला असताना तो आपली मूठ बाजूला फेकतो. ज्या वस्तूवरून त्याच बापाने त्याला पास केले होते तीच वस्तू. पंथाने न शिकवलेली, कुठल्याही गुहेत न मागितलेली गोष्ट तो आपण होऊन देतो.

कथेबाहेरही आता या शस्त्राभोवती रिवाज वाढत आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये ल्यूकची मूठ डिस्कव्हरी यानातून खरोखरच अंतराळात गेली. २०१९ साली अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत एक कार्यशाळा उघडली. तिथे रक्कम भरून (२०१९ साली ती सुमारे दोनशे डॉलर होती) कुणालाही स्फटिक निवडून मूठ बांधता येते. हे पाते पैसे मागते, बाकी काही नाही. पण मुले तिथे पाते पहिल्यांदा पेटवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते खोटे नसते, हेही मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. डोके आणि धड यांवरच्या वाराला पाच गुण, हातापायांवरच्या वाराला तीन, पंजावरच्या वाराला एक. पंधरा गुण किंवा तीन मिनिटे. दिवे मंद ठेवायचे, म्हणजे पाती उजळून दिसतील. आणि एक नियम असा की वार करण्याआधी पात्याचे टोक पाठीमागे न्यायचे. नेले नाही तर वार धरला जात नाही. तलवारबाजीतला सापासारखा चपळ, सरळ वार यामुळे बाद होतो आणि खेळाडूला चित्रपटातल्यासारखे मोठे, ऐसपैस वळसे घ्यावेच लागतात. त्याने प्रतिस्पर्ध्याला सावध व्हायला वेळ मिळतो. खेळ म्हणून हे सोयीचे आहे की नाही, यावर तलवारबाजांत मतभेद होऊ शकतात. पण समोरच्याला आधी आपला हेतू दिसू द्यावा लागतो, ही अट मला जेडायांच्या पुष्कळशा लिखित नियमांपेक्षा बरी वाटते.